गिऱ्हाईक अजून आलेलं नाही

व्यापार करणाऱ्यांत सगळ्यात शांत झोप जुन्या हार्डवेअरवाल्याला लागत असावी. दूधवाल्याला संध्याकाळची धास्ती, भाजीवाल्याला उन्हाची, कापडवाल्याला दिवाळी सरल्याची, आणि मोबाइलवाल्याला तर कंपनीच्या पुढच्या जाहिरातीची. खिळ्याला यातलं काही नाही. बिजागरी शिळी होत नाही. तीन इंची स्क्रूची फॅशन जात नाही, कारण ती कधी आलेलीच नसते. दुकानात एखादी वस्तू चाळीस वर्षं पडून असली, तर आपण म्हणू, माल खपत नाही. जुना हार्डवेअरवाला तसं म्हणत नाही. तो म्हणतो, गिऱ्हाईक अजून आलेलं नाही. उशीर गिऱ्हाइकाचा आहे, मालाकडे काही दोष नाही.

पुण्यातल्या दुकानावर लिहायला बसलं की दुपारची झोप आणि पाट्या यांना नमस्कार घातल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा एक रिवाज आहे. रविवार पेठेतल्या बोहरी आळीपुरता तो मोडायला हरकत नाही. इथं भर दुपारी हातगाड्या, टेम्पो, हमाल आणि रिक्षा एकाच बोळातून एकाच वेळी जायचा हट्ट धरतात. पुढच्या हातगाडीवरून वीस फुटी पाइप मागे आलेले असतात आणि त्यांच्या टोकाला लाल फडकं बांधलेलं असतं. ते आपल्या नाकापासून वीतभर अंतरावर आलं की दिसतं. अशा गर्दीत झोपायचं कुणी आणि पाटी वाचायची कुणी?

मी ज्या दुकानात जातो ते दाऊदी बोहरा शेठचं आहे. नाव लिहीत नाही; त्यांना जाहिरात आवडत नाही, आणि गर्दी झाली तर मलाच उभं राहायला जागा उरणार नाही. दुकान रुंदीला बेताचं आणि खोलीला भलतंच. रस्त्याकडच्या बाजूला आजचा माल : स्टेनलेस स्टीलच्या मुठी, बोटाच्या ठशाने उघडणारी कुलपं, प्लॅस्टिकचे पाइप, ड्रिल मशिन. आत चालू लागलं की दर चार पावलांवर एक दशक मागे पडतं. प्लॅस्टिक संपून लोखंडी पाइप लागतात, स्टील संपून पितळ लागतं, मग काळ्या बॅकेलाइटचे टपोरे स्विच, लाकडी पट्टीवरच्या वायरिंगच्या क्लिपा, चिनी मातीचे फ्यूज. त्याच्याही मागे भिंतीला टेकलेली शिडी, आणि शिडीच्या वर माळा. माळ्यावर काय आहे हे शेठनाही नक्की ठाऊक नाही. ते काम मामांचं.

दोन्ही भिंतींना वरपर्यंत लाकडी खण आहेत. प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालाचा एक नग तारेने बांधलेला : एकीकडे चौकोनी चटकणी, एकीकडे छत्रीच्या डोक्याचा खिळा, एकीकडे अडणा. बाहेरचा नग पाहायचा आणि आत हात घालायचा, इतकी ही सोपी व्यवस्था. अडचण एवढीच की हे नमुने आजोबांच्या काळी बांधलेत आणि आतला माल त्यानंतर बऱ्याचदा बदललाय. बाहेर चटकणी आणि आत रबरी बुटं, हे मी स्वतः पाहिलंय. काही खण तर आतून साफ रिकामे आहेत. बाहेरचा नमुना तेवढा शिल्लक. तो मागितला तर मिळत नाही. "तो दिला तर मग दाखवायचं काय?" असं शेठ विचारतात, आणि यावर उत्तर सापडेपर्यंत ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेले असतात.

दुकानाला एक वास आहे. लोखंडाचा आहेच, पण त्याखाली जवसाच्या तेलाचा (रंगारी त्याला बेलतेल म्हणतात), सुतळीचा, लाखेचा, आणि अगदी तळाशी सरसाचा. सरस ज्यांनी पाहिला नाही ते भाग्यवान. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या त्या तपकिरी वड्या रात्रभर भिजवायच्या आणि सकाळी गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवायच्या. मग सुतार कामाला लागायचा आणि घरची मंडळी अंगणात जायची. 1959 साली फेविकॉल बाजारात आलं आणि सरसाचे दिवस भरले. शेठकडे सरसाची निम्मी गोणी अजून आहे. का ठेवलीय, विचारलं. "तंबोरा-सतार करणारे नेतात अधूनमधून." शेवटचे कधी नेले होते, हे विचारायचं नसतं.

खोक्यांवरचे शिक्के वाचत बसलं तर दुपार निघून जाते. शेफील्डच्या कानशी आहेत. स्वीडनच्या प्रायमस स्टोव्हचे बर्नर आहेत. एका खोक्यावर 'मेड इन वेस्ट जर्मनी' असं ठणठणीत अक्षरांत छापलंय. आत पाने आहेत, ग्रीस लावून मेणकागदात गुंडाळलेले, नखभरही गंज नाही. पश्चिम जर्मनी नावाचा देश 3 ऑक्टोबर 1990 ला संपला. देश टिकला नाही, पाना टिकला. गॅरंटी कुणाकडे मागायची हा प्रश्न आहे, पण मागायची वेळ येईल असं पान्याकडे पाहून वाटत नाही.

पलीकडे ज्याची गिऱ्हाइकंच संपली असा माल. गॅसबत्तीचे मेंटल, वरातीतल्या बत्त्या डोक्यावरून उतरल्यापासून पडलेले. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाचे सुटे भाग. बंबाच्या पितळी तोट्या आणि जाळ्या. रहाटाच्या कप्प्या. आणि स्टोव्हच्या पिना. या पिनेकडे जरा थांबून पाहायला हवं. पत्र्याची बोटभर पट्टी, तिच्या टोकाला केसाएवढी बारीक तार, तीही अर्धा इंचही नाही. स्टोव्हच्या भोकात कचरा अडकला की ही तार आत घालायची, एकदा टोचायची, आणि भडका उडायच्या आत हात मागे घ्यायचा. घराघरांत आया वापरायच्या ते हे अवजार दोनदा टोचलं की मोडायचं, म्हणून डझनाने विकत घ्यायचं. शेठकडे पिनांचा एक आख्खा डबा आहे. त्या काळी माल संपेल या भीतीने वडिलांनी जास्त मागवला होता.

यातही अधूनमधून चमत्कार होतात. पुण्यातले टांगे गेले आणि घोड्याच्या नाली बसून राहिल्या. मग साडेसातीवाले आले. चौकटीवर ठोकायला नाल लागते. टांगा गेला, शनी राहिला. आता नाली पुढच्या भागात, बोटाच्या ठशाच्या कुलपाशेजारी टांगल्यात. रहाटाच्या कप्प्या आकाशकंदील वरखाली करायला सोसायट्यांतली मंडळी नेतात. गिऱ्हाईक येणार, हा शेठचा सिद्धान्त अगदीच हवेतला नाही.

जुन्या बाजारात आणि इथे फरक काय, असं एकदा एका पाहुण्याने विचारलं. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथं वापरून जुनी झालेली वस्तू मिळते. इथं मिळते ती न वापरता जुनी झालेली. आपल्या बापापेक्षा वयाने मोठा आणि तरीही कोराकरकरीत स्विच हातात घेतला की नक्की कसं वागावं कळत नाही. उठून उभं राहावंसं वाटतं.

आता मापांकडे येऊ. इथंच शिकलेल्या माणसाची फजिती होते. दशमान पद्धतीचा कायदा 1956 साली झाला, पुढे आणे गेले, शेर गेले, मैलही गेले. बोहरी आळीने किलो मान्य केला, कारण खिळे तोलावे लागतात. इंच मात्र सोडला नाही. इथं इंच आहे आणि इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत आहे. प्लायवूडच्या एकाच फळीत दोन राज्यं नांदतात : लांबी-रुंदी आठ बाय चार फूट, जाडी अठरा मिलिमीटर. याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

नंबरांचं तर विचारूच नका. खिळ्याच्या तारेचा नंबर वाढला की खिळा बारीक होतो. आठ नंबर दणकट, वीस नंबर नाजूक. लाकडात पिळायच्या स्क्रूचं उलटं : नंबर वाढला की स्क्रू जाड. पॉलिश पेपरचा नंबर वाढला की कागद मऊ. आणि अर्धा इंची लोखंडी पाइप तर कुठूनही मोजा, अर्धा इंच भरत नाही. बाहेरून तो 21.3 मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाच्याही वर. माझा एक मित्र मोठा हिशेबी. तो घरून पाइप पट्टीने मोजून गेला आणि "पाऊण इंचाहून थोडा जास्त द्या" म्हणाला. शेठनी त्याला बसायला स्टूल दिलं आणि पाणी विचारलं.

नट-बोल्टाचा मामला आणखी नाजूक. जुने इंग्रजी बोल्ट जोसेफ व्हिटवर्थने 1841 साली ठरवलेल्या पद्धतीचे, त्यांच्या आट्यांचा कोन 55 अंशांचा. मेट्रिकचा 60 अंशांचा. बाहेरून बघाल तर दोघेही सारखेच गोरेगोमटे. नवा नट जुन्या बोल्टावर चढवायला घेतला की पहिले दोन आटे राजीखुशीने बसतो आणि तिसऱ्याला अडतो. मग जोर लावला तर दोघांचंही वाटोळं. म्हणून शेठ आधी पत्रिका पाहतात. तुमचा गंजका बोल्ट हातात घेतात, अंगठ्याच्या नखाने आटे चाचपतात, डोळ्याजवळ नेतात आणि एक तर "आहे" म्हणतात किंवा "याचं आता कठीण आहे" म्हणतात. घाई केलेली त्यांना चालत नाही.

खरेदी करायला गेलात तर आधी तुमची तोंडी परीक्षा होते.

"शेठ, दाराला कडी पाहिजे होती."

"कुठल्या दाराला?"

"बेडरूमच्या."

"बेडरूमचं काय करायचं मला? लाकडी की फ्लश?"

"लाकडी… असावं."

"असावं? घर तुमचंच ना? दार आत उघडतं की बाहेर?"

इथं माणूस डोळे मिटून हवेत हाताने एक दार उघडून बघतो. मागच्या रांगेतले सुतार आणि प्लंबर हे दृश्य प्रेमाने पाहत असतात.

"आत."

"चौकटीला खाच आहे की कोयंडा लावायचा? दाराची जाडी किती सूत? जुन्या कडीची भोकं बुजवणार की त्याच भोकांत बसवायची?"

शेवटी शेठ थकून म्हणतात, "साहेब, जुनी काढून आणा." परीक्षा नापास, फेरपरीक्षा उद्या. नव्या झगझगीत दुकानांत असं नसतं. तिथं टाय लावलेला मुलगा काहीही न विचारता कडी देतो, पिशवी देतो, वर शुभेच्छा देतो. कडी बसत नाही ती घरी. मला विचाराल तर अपमान दुकानातच उरकलेला बरा. घरी साक्षीदार जास्त जवळचे असतात.

मामांबद्दल सांगायचं राहिलं. मामा म्हणजे या दुकानाचा कॅटलॉग. शाळा सोडून लागले ते आजतागायत. मुळशीकडचे. चैत्रात गावच्या जत्रेला जातात. ते पंधरा दिवस दुकान उघडं असतं एवढंच. माळ्याचा नकाशा फक्त त्यांच्या डोक्यात आहे, आणि वस्तूंची नावंही त्यांचीच. 'ते लांबुळकं', 'कानवालं', 'पावसात आलेलं', 'साहेब'. 'साहेब' हे फार वर्षांपूर्वी एका सरकारी खात्याने खास मागवलेले पितळी आकडे आहेत. दोन ग्रोस. माल यायच्या आत साहेबांची बदली झाली, आणि नव्या साहेबांना लोखंडी हवे होते. तेव्हापासून 288 'साहेब' माळ्यावर बढतीची वाट पाहत आहेत.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा शेठच्या पुतण्याने दुकान कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं. पोरगा हुशार, कष्टाळूही. खिळे म्हणजे 7317, स्क्रू-बोल्ट 7318, कुलपं 8301, बिजागऱ्या 8302, असे कोड त्याने पाठ केले. पुढचे खण धडाधड संपले. मग तो आणि मामा शिडीवर चढले. खाली ऐकू येत होतं ते असं :

"मामा, हे काय?"

"कानवालं."

"कानवालं म्हणजे? कशाला लागतं?"

"ज्याला लागतं त्याला माहीत असतं."

पोराने बराच वेळ कळफलकाकडे पाहिलं. आजही त्या यादीत 'इतर' या सदराखाली दुकानातला बराचसा माल आहे आणि नगसंख्येपुढे 'पुष्कळ' लिहिता येत नाही म्हणून 1 लिहिलंय.

हिशेबनीस दरवर्षी मार्चमध्ये येऊन डोक्याला हात लावतात. हिशेबाचा नियम असा की शिल्लक मालाची किंमत धरायची ती खरेदीची किंवा विकून जे येईल ती, यांतली कमी असेल ती. माळ्यावरच्या कित्येक मालाची खरेदी रुपये-आण्यांतली. त्यामुळे कागदोपत्री आख्ख्या माळ्याची किंमत चहा-बिस्किटात बसते. "हा सगळा डेड स्टॉक आहे, एकदा काढून टाका," असं ते म्हणाले, तर शेठ त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

माझ्याकडे आजोबांचं एक शिसवी कपाट आहे. त्याची एक पितळी मूठ तुटली. मी ती रुमालात बांधून नेली. शेठनी उलटसुलट पाहिली आणि वरती हाक मारली, "मामा, पानाची मूठ, मधली." मामा शिडीवरून दिसेनासे झाले. थोडा वेळ नुसती खडखड, मग एक शिंक, मग सुतळीने बांधलेलं एक पुठ्ठ्याचं खोकं खाली आलं. सुतळीची गाठ इतकी जुनी की सुटली नाही, तुटली. आत वाळकं गवत, गवतात मुठी, विड्याच्या पानाच्या आकाराच्या, काठाला बारीक नक्षी. माझ्या तुटक्या मुठीला हुबेहूब जोड. खोक्यात बारांची जागा होती आणि अकरा होत्या.

"एक गेलेली दिसते," मी म्हणालो.

"हो. वडील असताना गेली एक," शेठ म्हणाले. आणि पुतण्याकडे वळून, "बघ. चालू माल आहे."

खोक्याच्या बाजूला पेन्सिलीने तीन अक्षरं होती. जुने व्यापारी खरेदीची किंमत अशी सांकेतिक अक्षरांत लिहीत. दहा अक्षरांचा एक शब्द मनात धरायचा, एकेक अक्षर म्हणजे एकेक आकडा. गिऱ्हाइकासमोर भाव बघता येतो आणि गिऱ्हाइकाला कळत नाही. हा शब्द शेठच्या आजोबांनी ठरवला होता आणि तो ते बरोबर घेऊन गेले. गुप्तता इतकी चोख की आता मालकालाही कळत नाही. शेठनी अक्षरांकडे पाहिलं, मुठीकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे पाहिलं.

"दोनशे ऐंशी."

"अहो, इतक्या वर्षांचा जुना माल आहे ना?"

"म्हणूनच."

मी दिले. वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं.

अलीकडे मात्र या दुकानात एक नवंच गिऱ्हाईक येऊ लागलंय. कॅफे काढणारी, घरं सजवणारी तरुण मंडळी. ती येतात, थेट मागच्या बाजूला जातात आणि बॅकेलाइटचा स्विच हातात घेऊन चित्कारतात. त्यांना शेठचं 'कशाला पाहिजे?' लागू पडत नाही, कारण त्यांना तो कशालाच नको असतो. एका मुलीने कंदिलाचे सहा भाग घेतले. शेठनी विचारलं, "काच नको?" नको. "वात?" नको. "मग पेटवणार कसा?" पेटवायचा नव्हता, आत एलईडी दिवा सोडायचा होता. पुतण्या खूश झाला, मागच्या मालाचे भाव तिप्पट करू म्हणाला. शेठचं मन मात्र खट्टू झालं. इतकी वर्षं माल राखला तो लागेल त्याला लागावा म्हणून, भिंतीला शोभा यावी म्हणून नाही. मी इथं शेठच्या बाजूने आहे. बंबाची तोटी बंबालाच बसावी. तिच्यातून कोल्ड कॉफी येऊ नये.

पडून असलेल्या मालाला हसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केले तेव्हा शेतकरी म्हणत, लोखंडाने जमीन विषारी होईल. पहिले काही नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. पुढे 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती दोन वर्षं कुणी हिशेबनीस त्या नांगरांपुढे उभा केला असता, तर त्यानेही डेड स्टॉकच लिहिलं असतं. ही गोष्ट मी शेठना सांगितली. ते म्हणाले, "दोनच वर्षं? मग तो खपणारा माल होता."

तेव्हा तुम्हाला असं जुनं काही लागलं, तर बोहरी आळीत जा. जुना नग काढून बरोबर न्या. मोबाइलवरचा फोटो दाखवू नका. फोटोतले आटे नखाला लागत नाहीत. माप इंचात आणि सुतात सांगा, दार कुठे उघडतं ते घरून बघून जा, आणि चैत्रातले मामांचे पंधरा दिवस टाळा. भाव पटला नाही तरी घासाघीस करू नका, कारण खरा भाव दुकानात कुणालाच माहीत नाही. आणि घ्यायचीच असेल तर जोडी घ्या. एक मूठ तुटली की दुसरी तुटतेच, आणि तुम्ही परत जाईपर्यंत ते खोकं एखाद्या कॅफेवाल्याने उचललेलं असेल.